गेल्या वर्षीची चटणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

मिरचीच्या पेढीवरून दरवर्षी डायरी येते. यंदाही आली, ह्यांच्याच नावानं. मोना म्हणाली, "आई, तू लिही की. नायतर पानं कोरी जातील." मी काय लिहिणार कपाळ! डंक सुरू केला, मिरची कांडली, डंक बंद केला. पण जेवणं झाली की हात रिकामे राहतात आणि टीव्ही लावावासा वाटत नाही. म्हणून बसले.

आज डंक सुरू केला. मिरची कांडायचा हंगाम आता मेपर्यंत. लोक आपापली मिरची आणि मसाला घेऊन येतात, वर्षाची कांदालसूण चटणी कांडून नेतात. सकाळीच दारात पिशव्यांची रांग लागली. केरबा आमच्याकडं डंकावर माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. म्हणाला, "वैनी, विजूमालक न्हाईत असा पयलाच हंगाम. नारळ फोडा." फोडला. हे गेले दिवाळीच्या तोंडावर, ह्याच डंकाशेजारी, पोत्यावर बसल्या बसल्या छातीत कळ येऊन. केरबा खोबरं वाटताना डोळे पुसत होता. मला काही वाटलं नाही. नारळ चांगला निघाला, एवढंच मनात आलं.

खरं लिहायचं ते वेगळंच आहे. घरच्या चटणीची बरणी अर्ध्यावर आलीय. गेल्या उन्हाळ्यात ह्यांनी केलेली. त्यांच्या चटणीला माप असं कधी नव्हतंच. ते मुठीनं टाकायचे आणि मी जिभेच्या शेंड्यावर घेऊन सांगायचे, अजून, अजून, बास. हात त्यांचा, जीभ माझी. आता ह्या बरणीशी ताडून नवी चटणी करायला पाहिजे, ही संपायच्या आत. ही संपली तर मग कशाशी ताडणार? मग घरात चटणी असेल, पण ह्यांची नसेल. मोनाला तेवढंच हवंय. ती मागे एकदाच बोलली, परत बोलली नाही.

करते. या आठवड्यात बसतेच.

८ फेब्रुवारी, शनिवार

मरणाची गर्दी. एकीला मिरची आधी हवी, एकीला लग्नाची घाई, एकीला तिची मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळली असा संशय. सगळ्यांना झापलं. आवाज शाबूत आहे माझा.

हंगामातली पहिली चटणी जिभेवर घेतली. मीठ लागलं, लसूण लागला, तिखट लागलं नाही. अजिबात नाही. केरबाला म्हटलं, "यंदाच्या मिरचीत दमच नाही बघ. पाऊस लांबला ना." तो नाक पुसत उभा. म्हणाला, "लई झोंबतीया की वैनी." वय झालं त्याचं.

दरवर्षी पहिली चटणी चाखली की मला उचकी लागते. ठरलेलंच. मग हे डंक थांबवून समोर येऊन उभे राहायचे आणि एकेक नाव घ्यायचे. ज्याच्या नावाला उचकी थांबेल तो आठवण काढतोय. "तुझी आई? न्हाय. गडहिंग्लजची मावशी? न्हाय. देवळाबाहेरची ती फुलवाली, जिच्याशी भांडून आलीस?" बायका रांगेत हसायच्या. मी म्हणायचे, "स्वतःचं नाव घेऊन बघा की एकदा." तर म्हणायचे, "मी तर हितंच उभा हाय. मी कशाला आठवण काढू?"

यंदा उचकी लागली नाही. बरं झालं, कामाचा खोळंबा वाचला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मोना युनिव्हर्सिटीतून आली की मोरीत शिरते आणि नळ सोडून बसते. बादली हलत नाही, तांब्या वाजत नाही, नुसतं पाणी वाहतंय. आज दार बडवलं. म्हटलं, "महापालिकेनं तुझ्या एकटीसाठी टाकी बांधलीय का?" बाहेर आली ती डोळे लालभडक. म्हणाली, मिरचीची धूळ गेली. आज ती डंकाकडं फिरकलीसुद्धा नव्हती. पोरांना हल्ली पाण्याची किंमत नाही.

भाकरीवर बरणीतली चटणी घेतली. कळेना म्हणून परत घेतली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मोनाला वर्गापुढं तासभर बोलायचंय. एम.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री आहे तिची. आज माझ्यापुढं सराव केला. मी जेवत होते, ती ओट्याला टेकून उभी.

म्हणाली, "आई, पेशी म्हणजे एक घर समज. घराच्या भिंतीत रिसेप्टर बसवलेले असतात. बाहेरचा निरोप आत पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. निरोप्या स्वतः आत येत नाही."

"मग निरोप पोचतो कसा?"

"दोन तऱ्हा आहेत. काही रिसेप्टर घंटीसारखे. पाहुणा बाहेरून बटण दाबतो, आत घंटी वाजते, आतली माणसं उठून कामाला लागतात. गोड आणि कडू असंच कळतं. पाहुणा राहतो उंबऱ्याबाहेर. दुसरे असतात ते स्वतःच दार असतात. त्यांना चॅनेल म्हणायचं. ठरलेला माणूस आला की कडी निघते, दार उघडतं, आणि बाहेर ताटकळलेले सोडियम, कॅल्शियम धडाधड आत घुसतात. त्यांच्या अंगात वीज असते. ती वीज नसेतून पळत मेंदूपर्यंत जाते."

"मिरचीचं कुठलं?"

"दाराचं. आणि गंमत सांगू? ते दार मिरचीसाठी केलेलंच नाही. ते विस्तवासाठी आहे. चटका बसला की उघडायचं. पण मिरचीला त्याची कडी काढता येते. म्हणून तिखट ही चवच नाही. तोंडात काही पेटलेलं नसतं, मेंदूला वाटतं आग लागली."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं खोटी आग विकतोय म्हण की."

हसली. बऱ्याच दिवसांनी. पोपटाच्या दाराची कडी मिरचीला निघत नाही, म्हणून तो मिरची कुरतडत बसतो, असंही सांगितलं. मग वही मिटून म्हणाली, "आता शेवटचा मुद्दा. तेच दार कुणी उठसूट उघडत राहिलं, तर कॅल्शियम आत एवढं साठतं की पेशीच दार लावून घेते. काही दारं तर काढून आत ओढून ठेवते. मग बाहेरून कितीबी आपटा, आत कुणाला पत्ता नाही."

"कायमचं?"

"नाही. आपटणं थांबवलं की हळूहळू परत बसवते. पण थांबवायला लागतं."

चांगलं बोलते पोरगी. मला निम्मं कळलं. बोलता बोलता माझी ताटलीतली चटणी संपली, म्हणून बरणीतून परत घेतली. ती माझ्या ताटलीकडं बघत राहिली.

२ मार्च, रविवार

सकाळी चहाच्या आधी, रिकाम्या पोटी एक चमचा खाऊन बघितली. वाटलं, रिकाम्या पोटी तरी लागेल. कुठलं काय. ह्यांच्या चटणीतलाही दम गेला वाटतं. बरणीचं झाकण नीट बसत नसणार. दुपारी परत बघितली, संध्याकाळी वाटीत काढूनच घेतली. पोटात आग पडते, तोंडात नाही. दवाखान्यात जायचं तर डंकाचं कोण बघणार?

बरणी आता वाकडी करावी लागते. तळाचे हिंगाचे खडे उघडे पडलेत.

नवी करायला घ्यायला पाहिजे. पण कशी ताडू, जिभेला काही सांगताच येत नाही. आठवडाभरात जीभ येईल. मिरचीतच दम नाही यंदा, दुसरं काही नाही.

८ मार्च, शनिवार

गडहिंग्लजहून रत्नव्वा आली. ह्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. एस.टी.नं मिरचीचं पोतं घेऊन येते, कांडून घेते, संध्याकाळच्या गाडीनं परत. जवारी मिरची आणलेली, गावठी, स्वतःच्या शेतातली. मला जवळ घेऊन म्हणाली, "क्रांतीक्का, यंदा बेताची करून दे गं. लेक बाळंतपणाला आलीया, तिचं थोरलं पोरगं बी संगट हाय. पाच वर्साचं. तिखट सोसत न्हाई त्याला."

कांडून झाल्यावर चाखली. पाणी. नुसतं पाणी. म्हटलं, बेताची म्हणजे इतकीही नको, बाई घरी जाऊन नावं ठेवेल. आमच्या पोत्यातली लवंगी ओंजळभर टाकली, परत चाखली, परत टाकली. केरबा म्हणाला, "वैनी, बास की." मी म्हटलं, "जीभ माझी आहे का तुझी?" त्यानं रत्नव्वाचा डबा भरला.

१५ मार्च, शनिवार

होळी झाली. आमच्याकडं यंदा पोळी नाही, वर्ष सरलं नाही अजून.

रत्नव्वा परत आली. डबा माझ्यापुढं ठेवला. रांगेतल्या बायकांदेखत बोलली, पण ओरडली नाही. नातवानं भाकरीला लावून एक घास खाल्ला. ओठ सुजले, श्वास कोंडल्यासारखा झाला, रात्रभर दवाखान्यात. आता बरा आहे. म्हणाली, "यव्वा! म्या तुला सांगून गेलतो की गं. तुज्या जिबंवर इस्वास ठिवून गेलतो." आणि रडायला लागली.

मी तिच्या लुगड्याचा काठ बघत होते. हिरवा, बारीक चौकडीचा. कुठून घेतलं विचारावंसं वाटलं. एवढं सगळं कानावर पडत होतं, आत काही होत नव्हतं. लेकरू मरता मरता वाचलं, असं मी मनात दोनदा म्हणून बघितलं. तरी नाही.

ती गेल्यावर केरबानं डंक बंद केला, माझ्या परवानगीशिवाय. म्हणाला, "रागवा, कायबी करा. खरं सांगतो. तुमची जीभ मेलीया वैनी. दिवाळीपास्नं बगालोय. पोत्यात तोंड घालून बसला तरी तुमाला ठसका लागत न्हाय. आन तुमी मिरचीला नावं ठेवालाय."

मी त्याला बोलले नाही. बोलायला राग तर यायला पाहिजे.

१६ मार्च, रविवार

केरबानं मोनाला सांगितलं. तिनं मला ओट्यापाशी उभं केलं, एक सुकी लवंगी मिरची मोडून बियांसकट जिभेवर ठेवली. मी चावून खाल्ली, शेंगदाणा खावा तशी. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग सरळ फळीवरची बरणी उतरवली आणि झाकण काढलं.

तळाला दोन-तीन चमचे राहिलीय. कडेला चिकटलेली धरून.

"आई, ही कुणी संपवली?"

"मीच. रोज थोडी थोडी."

"थोडी?" तिचा आवाज फाटला. "मी पप्पा गेल्यापासून हिच्यातला एक कणसुद्धा खाल्ला नाही. पुरावी म्हणून. झाकण उघडून नुसता वास घेते मी. आणि तू वाट्या भरभरून?"

"तुला कुणी अडवलं होतं?" असं निघून गेलं माझ्या तोंडातून.

ती बरणी छातीशी धरून खाली बसली. मी उभीच होते. मग म्हणाली, "तुला सांगितलं होतं की दाराचं. एवढं समजून सांगितलं. रोज सकाळ संध्याकाळ आपटत राहिलीस म्हणूनच ते बंद झालं आई. मिरचीतही दम आहे आणि पप्पांच्या चटणीतही आहे."

मला काय सांगता येणार होतं तिला? मला भूक नव्हती. मला फक्त काहीतरी लागायला हवं होतं. एक चमचा लागला असता तर दुसरा कशाला घेतला असता?

बरणी तिनं तिच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. हुकूम सुटला: तिखट बंद, मिरं बंद, चहातलं आलंसुद्धा बंद, कारण तीही त्याच दाराची कडी काढतात. आणि डंकावर पाऊल टाकायचं नाही, तिथं हवेतही मिरचीच आहे. मी म्हटलं, "ऐन हंगामात?" म्हणाली, "केरबामामा बघतील. तुझी जीभ परत आली नाही तर पप्पांची चटणी ह्या दोन चमच्यांवर संपली. तू सांग, काय करायचं."

बरं म्हटलं.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. गल्लीत धुडगूस. मी दहीभात खाल्ला. दुपारी दूधभात. कोल्हापुरात राहून हे असलं जेवण, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं. शेजारीण वाटीतून तांबडा रस्सा घेऊन आली, परत पाठवला. तिला वाटलं मी आजारी आहे. गल्लीत आता तसंच पसरेल.

घरात बसून काय करायचं ते कळत नाही. डंकावर निदान आवाज असतो.

२४ मार्च, सोमवार

ह्यांचं कपाट आवरलं. सगळे शर्ट घड्या घालून ठेवले. निळ्या शर्टाच्या खिशात सुपारीचं खांड निघालं. काही वाटलं नाही. मग सगळे बाहेर काढून परत घड्या घातल्या. संध्याकाळ तशीच गेली. मोना आली तेव्हा शर्ट पलंगावरच होते. ती तशीच मोरीत गेली. नळ.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नाही. मोनानं कडुलिंबाचा पाला आणि गूळ तेवढा हातावर ठेवला. चावला तर कडू जहर. तोंड वाकडं झालं माझं. मोनाला म्हटलं, "कडू लागलं की गं! जीभ आली." ती म्हणाली, "ती घंटी आई. घंटी तुझी कधी बंदच नव्हती. दार वेगळं." तिनं लगेच माझा हात धरला पण. म्हणाली, "येईल."

रत्नव्वाला फोन लावला. तिच्या नातवाशी बोलले. तो म्हणाला, "तूच व्हय ती तिकाट आज्जी?" आणि फोन टाकून पळाला. रत्नव्वा हसली तिकडं. म्हणाली, "पुढल्या वर्सी येतो गं. तुज्याकडंच येतो." फोन ठेवल्यावर परत लावावासा वाटला. घरात बसून दुसरं काय सुचणार!

१० एप्रिल, गुरुवार

केरबा किल्ली द्यायला घरी आला. अंगावर डंकाची धूळ घेऊनच. दारात उभं राहून त्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि मला ठसका लागला. असा तसा नाही. डोळ्यांत पाणी, नाकात आग, खोकून खोकून भिंत धरली. शिव्या घातल्या त्याला. "अक्कल हाय का? माणसाच्या तोंडावर टॉवेल झटकतोस?"

तो तिथंच उंबऱ्यात बसला आणि हसत सुटला. "घाला, घाला वैनी. अजून घाला." मोनाला बोलावून सांगायला लागला, जसं काही घरात बाळ झालं. पेढे वाटावेत तशी त्यानं गल्लीभर बातमी वाटली.

मोना म्हणाली, "अजून थांबायचं. आत्ता घाई केलीस तर परत लावून घेईल." मी म्हटलं, थांबते.

२१ एप्रिल, सोमवार

आज सोमवार, डंक गिऱ्हाइकाला बंद. आम्ही तिघंच. केरबा, मोना आणि मी.

कालच मिरच्यांचे देठ काढून ठेवले होते. संकेश्वरी, ब्याडगी आणि मूठभर लवंगी. सकाळी मसाला भाजला, धणे, तीळ, खोबरं, खसखस, सगळं वेगवेगळं. कांदा तळला. लसणाची टोपली मोनानं एकटीनं सोलली, बोटं चिकट करून घेतली. केरबानं कांडून दिलं. लाल ढीग कापडावर पडला, वाफ निघत होती. मग मोनानं कपाटातली बरणी आणली. तळाची चटणी चमच्यानं खरवडून बशीत काढली. सगळी मिळून दोन चमचे भरली असेल.

मला भीती वाटली. लिहिते तसंच, भीती वाटली. आता लागली नाही तर बशीही रिकामी आणि जीभही.

शेंड्यावर घेतली. पहिल्यांदा काही नाही. लसूण, खोबरं, मीठ. मोना माझ्याकडं बघतेय, केरबा जमिनीकडं. आणि मग घशातून आली. सावकाश. आधी घशात, मग जिभेच्या मुळाशी, मग कानांत. ह्यांची चटणी अशीच. ती दारात ओरडत नाही, घरात येऊन बसली की मग कळतं कोण आलंय. मी विसरलेच होते. बरणी खाऊन संपवली आणि हे विसरले होते.

नवीतली घेतली. ती शेंड्यावरच पेटली आणि विझली. म्हटलं, "संकेश्वरी जास्त झालीय. ब्याडगी घाल. आणि मिरं कुठाय? मिऱ्याशिवाय घशात उतरत नाही." मोनानं मूठ भरली. तिची मूठ ह्यांच्यासारखीच, अंगठा आत घेऊन. मी आज पहिल्यांदा बघितली.

"अजून."

केरबानं परत कांडलं. चाखली.

"अजून. मिरं."

डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कान लाल. मोना दुधाचा पेला पुढं करत होती, घेतला नाही. बशीतल्या जुन्या चटणीचं बोट चाटलं, नवीचं चाटलं. परत जुनीचं. बशी स्वच्छ झाली.

"अजून एक चिमूट. हां. बास."

बास म्हटलं आणि उचकी लागली.

केरबाचा हात डंकाच्या बटणावर होता, तो तसाच राहिला. दुसरी उचकी आली. तिसरी. मोनाला ठाऊक आहे, लहानपणी ती ह्यांच्या पायाशी उभी राहून नावं सुचवायची. ती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आज्जी?" उचकी. "मावशी?" उचकी. "रत्नव्वा? तिचा नातू?" उचकी. "फुलवाली?" बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि ती माझ्यापुढं उभी राहून रडायला लागली, मोठ्यानं, नळ न सोडता. त्या नळाचं मला आज कळलं. इतके दिवस मी दार बडवून पाणी वाया जातंय म्हणून ओरडत होते. मी तिला ओढून घेतलं. मीही रडले. तोंडाला मिरचीचे हात लागले दोघींचे, ती आग वेगळीच.

थोड्या वेळानं तिनं मान वर केली. उचकी चालूच होती. "आई, आता एकच नाव राहिलं," असं म्हणून तिनं तोंड उघडलं.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

ते आता इथं उभे नाहीत. म्हणजे आठवण काढत असतील. नाव घेतलं की उचकी थांबते.

केरबानं नवी चटणी बरणीत दाबून भरली, वर हिंगाचे खडे ठेवले, तोंडाला कापडाचा दादरा बांधला. आम्ही घरी आलो. उचकी जेवणं होईपर्यंत लागत होती. मी पाणी प्यायले नाही.